तो पूल मी लांबवला

सोलापुरात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगतात. मी म्हणे एका विणकराच्या घरी गेलो आणि त्याच्या पोरीचा भाव उपरण्याखाली केला, बैलाचा करतात तसा. सांगणारे हसत सांगतात आणि ऐकणारे माझ्या खांद्याकडे बघतात, उपरणं आहे का म्हणून. खुलासे करायचं मी कधीच सोडून दिलं होतं. पण परवा न्हाव्याच्या दुकानात एका पोरसवदा माणसाने, ज्याचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता, माझ्यासमोर टॉवेलखाली हात घालून बोटं हलवून दाखवली. सगळं दुकान हसलं. न्हावी हसला तेव्हा वस्तरा माझ्या गळ्याशी होता. तेव्हा आता लिहूनच ठेवतो.

आधी ते उपरणं. माझी उमेदवारी जनावरांच्या बाजारात झाली. मोहोळचा बाजार, गड्ड्याच्या जत्रेतला बाजार, कुठेही मी एका दलालाच्या मागे उभा असायचो. जनावराचा भाव तिथे तोंडाने कुणी बोलत नाही. विकणारा आणि घेणारा हात पुढे करतात, दलाल त्यावर उपरणं टाकतो आणि खाली बोटं बोलतात. लोकांना वाटतं ही लपवाछपवी. अरे, ती अब्रू राखण्याची सोय आहे. ज्याला कमी घ्यावं लागलं त्याचं कमीपण चारचौघांना दिसत नाही, ज्याला जास्त मोजावं लागलं त्याची हौस दिसत नाही. आणि त्या बाजाराचा एकच कडक नियम: खाली दोन हात बोलत असताना वरचं कापड कुणी ओढायचं नाही. भांडण झालं, जनावर सुटलं, पाऊस आला, तरी नाही.

एवढ्या शहाणपणावर मी वर आलो. बैल सोडून सरकी, सरकी सोडून पेंड, आणि बोलपट यायच्या दोन-तीन वर्षं आधी गिरणीच्या बाजूला पत्र्याची एक शेड घेऊन तिथे मूकपट दाखवू लागलो. पुढे जमिनीवर बसायची जागा, मागे बाकं, डाव्या हाताला बांबूच्या तट्ट्याच्या पलीकडे बायका. पेटी आणि तबला पडद्याखाली. यंत्र हाताने फिरवायचं.

चित्र मुकं, त्यातल्या पाट्या इंग्रजी, आणि आमचं गिऱ्हाईक म्हणजे पाळी सुटलेले गिरणीकामगार, तेलुगू विणकर, कानडी बोलणारे व्यापारी, दखनी बोलणारे टांगेवाले. म्हणून पडद्याशेजारी एक सांगणारा उभा करावा लागे. हातात लांब काठी घेऊन तो चित्रातली माणसं दाखवी आणि त्यांची बोलणी आपल्या तोंडाने बोले. माझा सांगणारा अख्ख्या शहरात एक नंबर. अक्कलकोटकडचा, घरात कानडी, गळ्यात लिंग, मराठी आमच्या खेड्यातली, आणि तेलुगू विणकरांच्या गल्लीत राहून उचललेली. एका खेळात तिन्ही भाषा चालवायचा. चार थेटरवाले त्याच्यावर टपलेले होते. मी त्याला कसं टिकवून ठेवलं ते मलाच ठाऊक.

त्या साली मी मुंबईहून एक विलायती चित्र आणलं. कुणी घेत नव्हतं म्हणून स्वस्तात पडलं, आणि त्यापेक्षा स्वस्त मी पाडलं. त्यात जर्मनच्या लढाईसारखी कुठलीशी लढाई. नदीवर एक पाणचक्की, तिथला चक्कीवाला म्हातारा आणि त्याची मुलगी. शत्रूचा एक जखमी शिपाई तिथे येऊन पडतो. मुलगी त्याला पिठाच्या पोत्यांमागे लपवते. याची भाषा तिला येत नाही, तिची याला येत नाही. भाकरीचा तुकडा दाखवून ती शब्द सांगते, तो चुकतो, ती हसते. मग सैन्यासाठी पीठ घ्यायला एक जाडा व्यापारी येतो, त्याला शिपाई दिसतो आणि तो साहेबाला जाऊन सांगतो. शिपायाला कैद करून नदीपलीकडे, सैन्याने जिंकलेल्या त्याच्याच मुलखात नेतात. शेवटी मुलगी बापाचं घर सोडून त्याच्यामागे पुलावर चालू लागते, चालत चालत पार पलीकडच्या टोकाला पोचते, आणि तिथे चित्र संपतं. पुढे काय झालं, पत्ता नाही.

पहिल्या दिवशी लोक उठेचनात. "फुडं? फुडं काय झालं?" मी पुढे जाऊन म्हणालो, "चित्र संपलं, घरी जा." कुणीतरी ओरडलं, "तुमचं संपलं आसंल, तिचं कुटं संपलं?"

दुसऱ्या दिवसापासून सांगणारा शेवट मनाने लावू लागला. मुलगी पुलावर आली की तो पुढचं सांगून टाकायचा. कधी शिपाई सुटून आला, कधी लढाई थांबली, कधी बाप मागून धावत आला. लोक रोज नवा शेवट ऐकायला यायचे आणि माझी शेड भरायची. माझी तक्रार नव्हती.

तक्रार तट्ट्यापलीकडून सुरू झाली. एका विणकराची मुलगी आईबरोबर खेळाला येई. शिपाई भाकरीचा शब्द चुकतो, त्या ठिकाणी आमचा सांगणारा तेलुगू बोलला, आणि बायकांच्या बाजूने खणखणीत आवाज आला, "कादु!" म्हणजे नाही, तसं नव्हे. आणि तिने बरोबर कसं म्हणायचं ते सगळ्या थेटराला ऐकू जाईल असं सांगितलं. लोक खदखदून हसले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चुकला. ती पुन्हा बोलली. तिसऱ्या दिवशी तो अशा ठिकाणी चुकला की माझ्यासारख्या तेलुगू न येणाऱ्या माणसालाही कळलं, हा मुद्दाम चुकतोय.

मी त्याला बाजूला घेतलं. "हे काय चालवलंयस?"

"काय न्हाय मालक. भाषा सुदारतोय."

"चित्र माझं, तिकीट माझं, आणि शाळा तुझी होय रे?"

तो हसला नाही. काठी भिंतीला टेकवून म्हणाला, "मालक, तिच्या बापाशी बोलाया कोन तरी पायजे. माजी मानसं जानार न्हाईत, माजं नावच टाकतील. तुमच्यावानी बोलाया सोलापुरात कुनाला जमतंय? तुमी जावा की."

मी रागावलो, नाही म्हणालो, दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्या दोन दिवसांत त्याने खेळ असा रडका केला की तबलजी कंटाळला. शिवाय मनात आलं, मी नाही गेलो तर दुसरा थेटरवाला जाईल, आणि मग हा त्याच्याकडे उभा राहील. म्हणून गेलो. हे मी लपवत नाही. फायदा नसता तर कोण कुणाच्या लग्नाच्या भानगडीत पडतो?

विणकराचं घर म्हणजे एक खोली आणि खोलीभर माग. तो मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडं विणत होता. त्याने आडव्या सुताचा धोटा थांबवला नाही. मुलगी मागच्या दाराशी सुताच्या काँड्या भरत बसली होती, पाठ आमच्याकडे, कान आमच्याकडे. गल्लीतले पाचसहा जण दारात येऊन उभे राहिले, कारण मी कशाला आलो ते मी यायच्या आधीच गल्लीला कळलं होतं.

"बसा, अय्या," तो म्हणाला. "तुमच्या त्या बडबड्यासाठी आला ना?"

"हो. मुलगा चांगला आहे."

"चांगला आसंल. आमचा न्हाई."

"तुमचा होऊ शकतो."

धोटा दोनदा इकडून तिकडे गेला. मग त्याने अटी सांगायला सुरुवात केली, त्याही आवाज चढवून, दारातल्या लोकांना ऐकू जाईल अशा. मुलगी गल्ली सोडणार नाही, जावयाने इथे येऊन राहायचं. घरात तेलुगू बोलायचं. त्याच्या आईने मुलीला कधी परकी म्हणायचं नाही. आणि पडद्याजवळची ती बडबड बंद, मागावर बसायचं, हातात कसब पाहिजे. "तोंडाचं काय, आज हाय, उद्या घसा बसला की उपाशी."

बाजारात माणूस असं बोलतो तेव्हा मला कळतं, की त्याला द्यायचंच आहे. ज्याला द्यायचं नाही तो अटी सांगत नाही, चालता हो म्हणतो. फक्त दारात गल्ली उभी होती. तिच्यासमोर त्याला एकही अट सोडता येत नव्हती. मला दिसत होतं, दोन अटी तो सोडेल, तिसरी थोडी ढकलली तर तीही सुटेल. थेटर सोडायची अट तर मला काहीही करून खाली आणायचीच होती. पण उघड्यावर कसं बोलणार? मग मी आयुष्यभर जे केलं तेच केलं. खांद्यावरचं उपरणं काढलं, पुढे सरकलो, आणि माझ्या उजव्या हातावर टाकून हात त्याच्यापुढे धरला. म्हणजे, आता खाली बोला, किती सोडता ते, कुणाला दिसणार नाही.

धोटा थांबला.

तो विणकर. जन्मात त्याने बैल घेतला नव्हता. पण गड्ड्याच्या जत्रेत प्रत्येक सोलापूरकर जातो आणि उपरण्याखालचे हात प्रत्येकाने बघितलेले असतात. तो खड्ड्यातून उठला. आधी काय बोलला ते तेलुगूत होतं आणि मला कळलं नाही, हे बरंच झालं. मग मराठीत म्हणाला, "माझी पोरगी काय दावणीला बांधलीय? दात पण बघता का तिचे?"

"अहो, मी अटींबद्दल—"

"उठा! आधी उठा!"

मी पायताणं हातात घेऊनच बाहेर पडलो. मागच्या दाराशी मुलगी उभी होती. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तशी नजर मला फसलेल्या सौद्यातसुद्धा कुणी दिली नव्हती. आणि मी तिच्यासाठीच गेलो होतो!

संध्याकाळी खेळ. मी यंत्रापाशी, मागे उभा. चित्रात तो जाडा व्यापारी आला. साहेबापुढे उभा राहून तो हातात हात देतो, एवढंच चित्रात आहे. पण माझ्या सांगणाऱ्याने काय केलं? आपल्या डोक्याचं मुंडासं सोडलं, आपल्याच हातावर टाकलं, खालून बोटं हलवली, आणि हुबेहूब माझ्या आवाजात, माझा घसा खाकरून, म्हणाला, "बोला साहेब, पोरगा कितीला सोडता? हं, इथं नको, खाली बोला, खाली!"

शेड कोसळते की काय असं वाटलं. लोक मागे वळून माझ्याकडे बघत हसत होते. तट्ट्यापलीकडे बायका हसत होत्या. तबलजी हसला आणि ठेका चुकला. माझ्या यंत्रवाल्याने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

खेळ सुटल्यावर मी त्याला धरलं. "तुझ्यासाठी मी शिव्या खाल्ल्या, आणि तू मला पडद्यावर नाचवतोस?"

"तुमी तिचा बैल केला," तो म्हणाला. ‘मालक’ म्हणाला नाही.

मी त्याला त्याच क्षणी काढायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारपासून शेडबाहेर गर्दी. कुंभारीहून गाड्या जुंपून लोक आले, व्यापारी बघायला. शिपाई, मुलगी, नदी, कुणाला काही नको. व्यापारी कधी येतो? रोज तो माझा आवाज काढी आणि रोज मी माझ्याच दारात उभा राहून माझी फजिती बघायला आलेल्यांना आत सोडी. असा धंदा कुणावर येऊ नये.

मग एके संध्याकाळी विणकर आला. एकटा. पुढे, अगदी पडद्याजवळ, जमिनीवर बसला. गल्लीत बोभाटा झाला होता की त्याच्या घरातली गोष्ट थेटरात दाखवतात. बघायला आला असणार. व्यापारी आला, उपरणं झालं, आणि तो विणकर मांडीवर हात मारून इतका हसला की त्याला ठसका लागला. ठीक आहे, म्हटलं, माझ्या जिवावर तुझी करमणूक झाली, आता घरी जा. पण तो बसून राहिला.

शेवटचं रीळ लागलं. शिपायाला नेलं. मुलीने डोक्याला रुमाल बांधला, दार ओढलं आणि ती पुलावर आली. इथे सांगणारा रोज नवा शेवट सुरू करायचा. त्या दिवशी त्याने काठी खाली घेतली आणि गप्प उभा राहिला. पेटी वाजत होती तीही थांबली. नुसता यंत्राचा करकर आवाज.

अंधारात विणकर बोलला. मराठीत बोलला, सगळ्यांना कळेल असं. "कुटं चालली ती? तिकडं कोन हाय तिचं?"

"त्याची आई हाय," सांगणारा म्हणाला. "दार उगडं ठेवलंय तिनं."

"हिची भाषा येती का आईला?"

"न्हाय. पर शिकंल. ती शिकंपातूर कुनी तिला परकी म्हननार न्हाय."

मला दोन वाक्यांत कळलं, हे चित्राचं बोलणं नाही, हा सौदा चाललाय. अंधार वर टाकलाय आणि खाली दोन हात बोलतायत. आणि मी यंत्राकडे बघितलं. रीळ संपत आलं होतं. मुलगी अर्ध्या पुलावर होती. रोजच्या गतीने फिरवलं तर ती पलीकडे पोचणार, पडदा पांढरा होणार, दिवे लागणार, आणि विणकर पुन्हा गल्लीतला माणूस होणार.

मी यंत्रवाल्याला बाजूला सारलं आणि फिरवायची दांडी हातात घेतली. हळू केली. तो कानाशी लागला, "मालक, फीत पेटंल!" खरं होतं ते. मागे कार्बनचा दिवा, फीत त्याच्यापुढे रेंगाळली की करपते, आणि एकदा पेटली की पत्र्याची शेड कुणाचं ऐकत नाही. मी म्हटलं, "बादली घेऊन उभा राहा आणि तोंड बंद ठेव." पडद्यावर मुलीचं एकेक पाऊल जड झालं. लोकांना वाटलं, ती घाबरली.

"आन बापाला सोडून जानार?" विणकराचा आवाज बदलला होता.

"सोडून कशाला?" सांगणारा म्हणाला. "लढाई संपली की दोगंबी पूल वलांडून माघारी येनार. चक्कीवरच ऱ्हानार."

अरे, अरे! पहिल्या झटक्यात घरजावई झाला! निदान सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, एवढं तरी मागून बघायचं. माझा हात दांडीवर चरफडत होता.

"चक्कीवर शिपायाचं काय काम? त्याला बंदूक येती, जातं फिरवाया येतं का?"

इथे सांगणारा अडला. मला माहीत होतं विणकर काय विचारतोय. त्यालाही माहीत होतं. दांडी माझ्या हातात होती. चार वेळा जोरात फिरवली असती तर मुलगी पलीकडे, खेळ खलास, आणि सोलापुरातला एक नंबरचा सांगणारा माझ्याकडेच राहिला असता. फितीच्या कडेला जळका वास येऊ लागला होता, कारणही आयतं होतं.

पण खाली हात बोलत असताना कापड ओढायचं नाही. मी बाजारात वाढलो, तुम्ही नाही, म्हणून तुम्हाला हे पटणार नाही. मी दांडी आणखी हळू केली.

"न्हाय येत," सांगणारा म्हणाला. "बंदूक टाकली त्यानं. म्हाताऱ्यानं शिकवलं तर शिकंल."

मुलगी पुलाच्या टोकाला आली होती. मग विणकर त्यांच्या भाषेत एक वाक्य बोलला आणि तट्ट्यापलीकडून रडण्याचा आवाज आला. मुलीचा नव्हे, आईचा. मग मुलगी बोलली, "कादु!" आणि पुढे बरंच काही, आणि सगळे तेलुगू लोक हसले. मी नंतर विचारलं तेव्हा कळलं. बाप म्हणाला होता, त्याला शिकायला वर्ष लागेल. ती म्हणाली होती, दोन.

मी दांडी सोडली तेव्हा तळहाताला फोड होते.

लग्न विणकराच्या दारात झालं. सांगणाऱ्याची आई आली, त्याची बाकी माणसं आली नाहीत. मला बोलावणं होतं, पण निरोप्या सांगून गेला, "उपरणं न घेता या म्हणलेत." मी न घेता गेलो. विणकराने स्वतः विणलेलं एक नवं उपरणं सगळ्या मांडवासमोर माझ्या खांद्यावर घातलं, आणि मांडव पुन्हा हसला. मी त्याच्या कानात म्हणालो, "अण्णा, जावई तुम्हाला फुकटात पडला. मी असतो तर दोन अटी तरी सोडायला लावल्या असत्या."

"म्हणून तर तुम्हाला उठवलं," तो म्हणाला.

दोन वर्षांनी बोलपट आले आणि सांगणारे सगळीकडूनच गेले. हा तेव्हा मागावर बसलेला होता. लोक म्हणतात, काय दूरदृष्टी! दूरदृष्टी कसली, भाव करता येत नव्हता.

एकदा मी त्याच्याकडे लुगडं घ्यायला गेलो होतो. खड्ड्यात पाय सोडून तो विणत होता, सासऱ्याच्याच जागी. मी सहज म्हणून विषय काढला, की त्या दिवशी पूल लांबला होता, ते लक्षात आलं होतं का? दांडी मी धरली होती.

त्याने धोटा थांबवला, विचार केला. "न्हाय मालक," म्हणाला, "पूल रोजचाच व्हता की."

रोजचाच! करपलेल्या कडेबद्दल मुंबईवाल्याची बोलणी मी खाल्ली होती. त्या फितीचा कापून काढलेला तुकडा अजून माझ्या तपकिरीच्या डबीत आहे. त्यात मुलगी पुलावर आहे आणि एका बाजूने काळी पडली आहे. उपरण्याची गोष्ट सांगणाऱ्यांपैकी कुणी बघायला मागितला तर दाखवीन. लुगड्याचा भाव मात्र मी त्या दिवशी त्याला एक पैसा वाढवून दिला नाही.